पुढचे शॉकअप कुणी उघडायचे?

(सोलापूर येथे महिलांसाठी झालेल्या दुचाकी दुरुस्ती शिबिराच्या शेवटच्या दिवशी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



गेले तीन दिवस तुम्ही पंक्चर काढले, प्लग साफ केला, चेन ताणली, ब्रेकची तार बदलली. आज मी मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपवर बोलणार आहे. पुस्तकात त्याला फोर्क म्हणतात. पण सोलापुरात कुठल्याही गॅरेजमध्ये 'पुढचे शॉकअप' असेच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणेन. हा विषय मी स्वतः मागून घेतला. अक्कलकोट रोडवरच्या माझ्या शेडमध्ये मी गेली एकोणीस वर्षे दुचाकी दुरुस्त करते. एवढ्या वर्षांत बायकांची सगळ्यात जास्त फसवणूक झालेली पाहिली ती याच भागावरून.

एक उदाहरण सांगते. कुंभारीला विडी कामगार बायांची घरकुले आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. २००६ साली तिथली दहा हजार घरे या बायांना मिळाली, वसाहतीला गोदुताई परुळेकरांचे नाव आहे. तिथल्या एका बाईचा नवरा वारला. घर तिच्या नावावर होते. गाडी मात्र नवऱ्याच्या नावावर, शंभर सीसीची, जुनी. ती आठ महिने भिंतीला टेकून उभी राहिली. दीर म्हणाला, "वहिनी, गाडी पुढून गेलीय. शॉकअप बसलेत, पाइप वाकलेत. भंगारात दोन-अडीच हजार येतील, मी टाकतो विकून." बाईला खरे-खोटे कसे कळणार? थोरली मुलगी कॉलेजला शहरात येत होती. रोज रिक्षाचे दोन वेळचे भाडे आणि शिवाय वाट बघणे. तिने हट्ट धरला आणि गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली.

मी बघितले तर दोन्ही पायांचे धुळीचे रबर फाटलेले. आतले ऑइल सील कडक होऊन तेल गळून गेलेले. तेच तेल ओघळून पुढच्या ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेले. कधीतरी गाडी पडली होती, त्यामुळे चाक सरळ ठेवले की हँडल तिरके दिसायचे. पाइप मात्र दोन्ही सरळ होते. दोन ऑइल सील, दोन डस्ट सील, तेल, ब्रेक शू आणि कोन सेटला नवे ग्रीस. मजुरीसकट काही शे रुपयांचे काम, अर्ध्या दिवसात झाले. ती मुलगी आज त्याच गाडीवर फिरते.

दिराने मुद्दाम खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्यालाही कुणी तसेच सांगितले असेल. पण मुद्दा असा, की 'पुढून गेली' या दोन शब्दांवर बाईची मालमत्ता भंगारात जात होती, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ विचारायची सोय तिच्याकडे नव्हती. तो अर्थ आज आपण समजून घेऊ.

मोटारसायकलचे पुढचे चाक दोन पायांमध्ये धरलेले असते. प्रत्येक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. वरची चकचकीत नळी म्हणजे पाइप, खालची जाड नळी म्हणजे बॉटम. आत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल. स्प्रिंग वजन पेलते हे कुणालाही कळते. तेल कशाला, हे पुष्कळांना कळत नाही. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा डोलली असती. आत बारीक भोके असतात, त्यांतून तेलाला वाट काढावी लागते. होळीची पिचकारी दाबताना हाताला जोर लागतो ना, तेच हे. त्या जोरामुळे गाडी खाली जाते, सावकाश वर येते आणि थांबते. तेलाने दाब आवरणारे असे शॉकअप जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आर-१२ या गाडीला बसवले. राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स-१००, हिरो होंडा, सगळ्यांचे तत्त्व हेच. आतला तपशील थोडा वेगळा, एवढेच. आरएक्स-१०० आणि म्हैसूरची येझदी, दोन्हींचे उत्पादन १९९६ साली थांबले. तरी त्या गाड्या अजून आपल्या रस्त्यांवर आहेत, कारण हे भाग उघडता येतात आणि बदलता येतात.

या तेलाला बाहेर येऊ न देणारी रबराची कडी म्हणजे ऑइल सील. सगळे दुखणे बहुधा इथून सुरू होते. आपल्याकडे वर्षातले आठ महिने धूळ. ही धूळ पाइपवर बसते, गाडी वरखाली होताना रबराच्या ओठाखाली जाते आणि त्याला घासते. उन्हाळ्यात चाळिशीच्या वरचे ऊन रबर वाळवते. त्यात गाडी धुणारे मशीनचा जोराचा फवारा थेट सीलवर मारतात, त्यानेही पाणी आणि माती आत जाते. टाकीवर चादरींचे किंवा सुताचे गठ्ठे ठेवून गाडी चालवली तर पुढचा भाग कायम दबलेला राहतो. म्हणून सील जाणे यात नवल काही नाही. चप्पल झिजावी तसे ते झिजते. त्यासाठी गाडी भंगारात काढायची नसते.

आता तपासणी. यासाठी एकही पाना लागत नाही. पाच मिनिटांचे काम आहे, साडी नेसूनही करता येते.

पहिले, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि एकीला मागे दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्येच अडकल्यासारखे, खाचेत बसल्यासारखे वाटले तर कोन सेटच्या वाट्या खराब आहेत. मग चाकापुढे बसा, दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ओढा. 'खट' असे जाणवले तर कोन सेट ढिला आहे. नुसता ढिला असेल तर आवळून भागते.

दुसरे, गाडी स्टँडवरून काढा, पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर भार टाकून खाली दाबा, मग सोडा. गाडी गुळगुळीत खाली जाऊन सावकाश वर येऊन थांबली पाहिजे. चेंडूसारखी उसळत राहिली तर तेल संपले आहे किंवा पातळ झाले आहे. मध्ये अडखळली तर पाइप वाकला असेल, किंवा चाकाचा आस तिरका आवळला गेला असेल. आस तिरका असणे फार साधे आहे आणि पुष्कळदा 'पाइप वाकला' म्हणून त्याचेच पैसे घेतले जातात.

तिसरे, स्वच्छ फडक्याने चकचकीत पाइप पुसा. तेलाचे कडे दिसते का? मग डोळे मिटून पाइपवरून नख फिरवा. नख कुठे अटकले तर तिथे गंजाचा खड्डा आहे. सील चालते त्या जागी असा खड्डा असेल तर नवे सील घालूनही उपयोग नाही, तो खड्डा नवे रबरही कापणार. ही गोष्ट मी बायांना शिकवते तेव्हा फार वेळ लागत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या बोटाला पानात तंबाखू जास्त झाली की कमी हे न बघता कळते, तिला पाइपवरचा खड्डा कळणार नाही?

चौथे, गाडीच्या समोर उभ्या राहा, चाक सरळ करा आणि हँडल बघा. तिरके असेल तर घाबरू नका. गाडी पडली की पाय वरच्या पकडीत, म्हणजे 'टी'मध्ये, थोडे फिरतात. बोल्ट ढिले करून, सरळ करून, परत आवळले की बरेचदा काम होते. 'पाइप वाकलाय' असे कुणी म्हणाले तर पाइप काढून सपाट काचेवर लोळवून दाखवायला सांगा. वाकला असेल तर खालून उजेड दिसेल.

आणि एक ताकीद. तेल ओघळून ब्रेकपर्यंत पोचले असेल तर ती गाडी चालवू नका. तेल प्यायलेले शू पुसून चालत नाहीत, ते बदलायचे. पुढचा ब्रेक गेलेली गाडी आसरा चौकात किंवा हायवेवर घेऊन जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सोपे आहे तर आम्हाला आजवर कुणी का सांगितले नाही? यालाही इतिहास आहे. आपले शहर गिरण्यांचे. जुनी गिरणी १८७७ सालची. गिरण्यांत बायका होत्या, पण रीळ आणि वाइंडिंग खात्यांत, सुताजवळ. यंत्राची दुरुस्ती फिटरकडे, आणि फिटर पुरुष. १९४८चा फॅक्टरी कायदा झाला, त्याच्या बाविसाव्या कलमात लिहिले गेले, की चालू यंत्राचे काही मुख्य भाग साफ करणे, त्यांना तेल घालणे, ते जुळवणे हे काम बाईने किंवा अल्पवयीनाने करायचे नाही. हेतू सुरक्षिततेचा असेल. चालू यंत्रात हात घालणे पुरुषालाही धोक्याचेच. पण बाईला मुलाबाळांच्या रांगेत बसवून यंत्रापासून लांब केले गेले. कायद्यातले कलम कारखान्यापुरते होते. घरांनी आणि गॅरेजांनी ते बंद यंत्रालाही लावले.

रस्त्यावरही तेच. १९७२ साली पुण्याहून लुना आली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाया तिच्यावर बसून कामाला जाऊ लागल्या. चांगलेच झाले. पण हलकी गाडी बाईची, मोटारसायकल पुरुषाची, अशी वाटणीही त्याबरोबर पक्की झाली. आज कुंभारी, होटगी, मुळेगाव या बाजूंनी शहरात येणाऱ्या बाईला परवडते ती जुनी मोटारसायकल. ती स्वस्त मिळते, पेट्रोल कमी खाते. शिकवण मात्र तिला कुणी दिलेली नाही. माझ्याकडे आजही गिऱ्हाईक येते, माझ्या हातात पाना बघते आणि विचारते, "अक्का, मिस्त्री कुठंय?" मी म्हणते, "मिस्त्री गाडीखाली होती, आता बाहेर आलीय. बोला."

ताकदीचे म्हणाल तर गच्च बसलेला नट मलाही हाताने हलत नाही. पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवला की तो हलतो. पुरुष मिस्त्रीही तेच करतात.

आता तेल बदलण्याचे काम. हे तुम्ही घरी करू शकता. पुष्कळ जुन्या गाड्यांना बॉटमच्या खालच्या बाजूला छोटा ड्रेन बोल्ट असतो. गाडी स्टँडवर पक्की उभी करा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्या. आधी वरच्या पकडीचा बोल्ट ढिला करा, मग पाइपच्या डोक्यावरची टोपी उघडा. इथे सांभाळा. टोपीखाली दाबलेली स्प्रिंग असते. जाड फडके धरून, वरून दाबत सावकाश उघडा आणि तोंड बाजूला ठेवा. एका वेळी एकच पाय. खाली भांडे ठेवून ड्रेन बोल्ट काढा, चाक खालीवर करून सगळे तेल येऊ द्या. निघालेले तेल बघा. काळे-करडे असेल तर फक्त जुने झाले आहे. ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे, म्हणजे सील गेले. ड्रेन बोल्ट नसेल तर पाय काढून उलटा करावा लागतो.

मग ड्रेन बोल्ट लावून नवे तेल. किती मिलिलिटर आणि कुठल्या ग्रेडचे, ते त्या गाडीच्या पुस्तकात असते, आणि तेवढेच घालायचे. दोन्ही पायांत अगदी सारखे. माप म्हणून बाळाची जुनी दुधाची बाटली घ्या, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. पुन्हा ती बाटली बाळासाठी वापरायची नाही. तेल घातल्यावर शॉकअप आठ-दहा वेळा सावकाश खालीवर करा, म्हणजे आतली हवा निघते. मग टोपी, मग पकडीचा बोल्ट.

सील बदलायचे काम थोडे मोठे. चाक, मडगार्ड काढून पाय खाली ओढून घ्यावा लागतो. बॉटमच्या तळाशी एक अॅलन बोल्ट असतो. तो सोडवताना आतली दांडी त्याच्याबरोबर गोल फिरत राहते, त्यामुळे तो सुटत नाही. स्प्रिंग दाबलेली असतानाच, म्हणजे टोपी काढायच्या आधी, तो ढिला करून ठेवला तर त्रास वाचतो. वरची तारेची कडी काढून जुने सील उपसायचे. स्क्रू ड्रायव्हरला फडके गुंडाळा, कारण सीलची बैठक ओरखडली तर नवे सीलही गळेल. नवे सील बसवताना पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिला तेल लावा आणि तिच्यावरून सील सरकवा. धारेने रबराचा ओठ फाटत नाही. मग जुने सील वर ठेवून चारी बाजूंनी हलके ठोकत ते सरळ बसवा. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वायसर नवा घाला. सगळे जोडल्यावर आस पूर्ण आवळण्याआधी शॉकअप दोन-चार वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात. पहिली फेरी गल्लीत, हळू, पुढचा ब्रेक तपासत.

हे पहिल्या वेळी एकटीने करू नका. जाणत्या हाताबरोबर दोनदा करा, मग तिसऱ्या वेळी तुम्हीच शिकवाल.

गॅरेजवर काम दिले तर काय होऊ द्यायचे नाही, तेही सांगते. इंजिनातून काढलेले जळके तेल शॉकअपमध्ये घालू देऊ नका. त्यातली घाण सील खाते. 'कडक करून देतो' म्हणून स्प्रिंगवर वायसर किंवा नाणी घालणाऱ्याला थांबवा. गाडी कडक होते, पण तेलाचे काम तसेच राहते आणि खड्ड्यात चाक उसळते. स्प्रिंग बसली असेल तर तिची लांबी पुस्तकातल्या मापाशी ताडून जोडीने बदलायची. वाकलेला पाइप गॅसने तापवून सरळ करू देऊ नका. जरासा बाक जाणकार माणूस प्रेसवर काढतो. पाइपला सुरकुती पडली असेल, चीर असेल, तर तो फेकायचा. आणि काम झाल्यावर जुने सील, जुने शू परत मागा. ते आपल्या पैशाने बदललेले आपले सामान आहे. मागितल्यावर मिस्त्री रागावला तर त्यातूनही आपल्याला काही कळते.

शेवटचा मुद्दा कागदाचा. कुंभारीच्या त्या मुलीची गाडी दुरुस्त झाली तरी आरसी बुकावर वारलेल्या वडिलांचेच नाव होते. अशी गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी कोण उभे राहणार? मोटार वाहन नियमांप्रमाणे मालक वारला तर वारसाने तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. उशीर झाला असेल तरी अर्ज करायचाच, वाट बघून तो सोपा होत नाही. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, इतर वारसांची संमती एवढी कागदपत्रे जमवा. आणि हे लक्षात ठेवा, की १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि वारलेल्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. त्यांच्यापैकी कुणी असताना दिराला वाटा नाही. 'वहिनी, मी टाकतो विकून' असे म्हणायचा अधिकार त्याला कायद्याने नव्हताच. दुसऱ्या धर्माच्या बहिणींना त्यांचा वारसा कायदा लागू होतो, त्यांनी वकिलाला विचारावे. त्या बाईने फॉर्म भरला. एमएच-१३ची ती गाडी आता तिच्या नावावर आहे.

आज घरी गेल्यावर दोन कामे करा. गाडीचा पुढचा ब्रेक धरून हँडल दाबून बघा, मग फडके घेऊन पाइप पुसा. नंतर आरसी बुक काढा आणि त्यावर कुणाचे नाव आहे ते वाचा. फडक्याला तेल लागले, किंवा बुकात चुकीचे नाव निघाले, तर सोमवारी माझ्या शेडवर या. तेलाचे काम दुपारपर्यंत होईल. नावाच्या कामाला आरटीओत खेटे घालावे लागतील, पण पहिल्या खेपेला मी बरोबर येईन.